रविवारची शिरगणती

टीव्हीवरचं फडकं रविवारी काढायचं नाही, हा नियम तेग्विनने घातला आणि पुढे स्वतः मरून मोकळा झाला. पाळायला त्याची बायको केनवेन मागे राहिली. क्रोशाचं, निळ्या काठाचं ते पांढरं फडकं शनिवारी रात्री पडद्यावर पडायचं आणि सोमवारी सकाळी निघायचं. मधल्या दिवशी टीव्ही मुका असावा असा मात्र नियमात शब्द नव्हता. तेग्विन चॅपलचा कारभारी, डीकन होता, वकील नव्हता. 'शब्बाथाच्या दिवशी टीव्ही बघायचा नाही' एवढंच तो म्हणाला होता. त्या एका फटीतून गेल्या सप्टेंबरपासून पोरीने काढलेली मालिका घरात शिरत होती.

रविवारी संध्याकाळची उपासना आणि जेवण आटोपलं की केनवेन फडक्याखाली हात घालून बटण फिरवायची, पुढच्या खोलीचं दार उघडं ठेवायची आणि स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून विणायला बसायची. डोळे सुयांवर, कान पाठीला. ही देवाशी केलेली लबाडी आहे हे तिला कळत होतं. पण देवाने आजवर तक्रार केली नव्हती. तक्रार केली ती पेटीने.

पेटी म्हणजे टीव्हीच्या डोक्यावरचा एक राखाडी डबा, तळहाताएवढा. ती बसवायला आलेला माणूस असा अदबशीर, की नाही म्हणायची सोय नाही. देशात कोण काय बघतं ते मोजायचं काम त्याचं. त्याने विचारलं होतं, या घरात कोणी टीव्हीच्या धंद्यात आहे का? केनवेनने आजूबाजूला बघून सांगितलं, घरात मी आणि मांजर. ते खरंच होतं. पोरगी मेरेरिद कार्डिफला राहायची आणि पोरगा इडवाल याचं अँटेनांचं दुकान खाली गावात होतं. माणसाने तिला रिमोटसारखं एक यंत्र दिलं. खोलीत येऊन बसलात की एक नंबर दाबा, उठलात की पुन्हा दाबा, पाहुणे आले तर त्यांची बटणं वेगळी. टीव्ही चालू आणि कोणी दाबलेलंच नाही, तर पेटीवर लाल दिवा लुकलुकत राहणार, कोण आहे, कोण आहे विचारत. आणि कुणाला सांगायचं नाही, पोटच्या पोरांनासुद्धा.

मीच का, असं तिने विचारलं, तेव्हा तो जाता जाता जे बोलला ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. या डोंगरांत वेल्श बोलणारी घरं आम्ही अगदी मोजकी निवडलीत, बाई. तुम्ही बटण दाबलंत की आम्ही हजारो लोक बसलेत असं धरतो.

हजारो. पाटीच्या दगडाच्या खाणीत नवरा घालवलेली, जन्मात कुठल्या सभेत हात वर न केलेली बाई ती. मतदानाला जायची तेव्हाही तेग्विन सांगेल तिथे फुली मारायची. आणि आता तिचं एक बोट खाली गेलं की खोरंच्या खोरं खुर्चीत बसत होतं, वर आलं की उठत होतं. सोमवार ते शनिवार ती हात पुसून मगच बटण दाबायची. बातम्या चालू असताना चहा टाकायला उठायचं तर आधी त्या सगळ्यांना उठवायचं, हे मनात येऊन तिला धाप लागायची. पण रविवारी ती दाबत नव्हती. रविवारी ती बघत नव्हती, आणि खोटी साक्ष द्यायची नाही हे तिला तेग्विनच्याही आधी तिच्या आईने शिकवलं होतं.

त्या रविवारी चॅपलमधून परतली तेव्हा मेरेरिदची गाडी दारात होती. न कळवता आली होती. पोर न कळवता आली की एक तर लग्न असतं नाही तर नोकरी गेलेली असते, आणि लग्नाचा मेरेरिदला कंटाळा होता.

हाना तर दर रविवारी जेवायला असायचीच. तेग्विनची थोरली बहीण, बिनलग्नाची, चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणारी, आणि या घराच्या रविवारवर नजर ठेवायला देवाने स्वतः नेमल्यासारखी. वाजवून झालं की तडक इथे यायची आणि जेवण होताच, साडेसातच्या आत, घाईने आपल्या घरी जायची. मेरेरिदची गाडी बघून इडवाल आणि त्याची बायको डोरीनही खालून चढून आले. टेबलावर थंड हॅम, लोणी लावलेला पाव, डब्यातले पीच आणि मनुकांचा काळा पाव मांडला गेला. चहादाणीला लोकरीची टोपी चढली.

इडवाल आणि मेरेरिद एका टेबलाशी बसले की केनवेन सुरी आपल्या बाजूला सरकवून ठेवायची. वेल्श चॅनल सुरू झालं त्या वर्षी इडवालने धंद्याला सोन्याचे दिवस आणले होते. लोकांना इंग्लिश कार्यक्रम हवे होते, म्हणून त्याने शिडी घेऊन अर्ध्या खोऱ्याच्या अँटेना पूर्वेकडे, इंग्लंडच्या मनोऱ्याकडे फिरवल्या. घरच्या माणसाने पाठ फिरवावी तशी छपरं दिसायला लागली. तेग्विन त्याच्याशी बोलायचा थांबला आणि न बोलताच गेला. मेरेरिद त्याच चॅनलसाठी मालिका काढत होती. म्हणजे भावाने छपरं फिरवायची आणि बहिणीने परत बोलवायची, असा त्या घरातला संसार.

मेरेरिदने पहिला घोट घेतला आणि सांगून टाकलं. 'जुनं फाटक' बंद होणार. बुधवारी बैठक आहे, आजचा आकडा काय तो शेवटचा बघतील.

"आकडा किती आहे?" इडवालने विचारलं.

"शून्य."

डोरीन इंग्लंडातल्या बर्कनहेडची. वेल्श तिला जेमतेम अर्धं समजायचं, पण हा शब्द समजला. शून्य कसं असेल, तुझी आई तरी ऐकत असेलच, असं ती म्हणाली, आणि केनवेनने चहादाणीची टोपी उगाच सारखी केली.

मेरेरिदने मग सगळं ओकलं. गेल्या वर्षी मालिका गुरुवारी होती आणि बरी चालली होती. मग वेळापत्रकवाल्यांनी विचारलं, सगळ्यात चांगली वेळ कुठली हवी? तिनेच मागितली रविवार संध्याकाळ. सगळं कुटुंब घरात असतं, बाहेर अंधार असतो, पबसुद्धा बंद. आणि तिसऱ्या आठवड्यापासून आकडा झोपला. हसण्याची गोष्ट पुढेच होती. आपल्या भागातल्या मोजणीच्या घरांत रविवारी टीव्ही चालू दिसतो आणि समोर कोणीच नाही, दर आठवड्याला तसंच. चालू टीव्ही, रिकामी खोली. बैठकीत एक जण म्हणाला, तुमची मालिका फक्त मांजरं बघतात. सगळे हसले. तीही हसली, कारण नोकरी होती.

"रविवार तू मागितलास?" इडवालने काटा खाली ठेवला. "तू? डीकनची पोर? तुझ्या बापाने रविवारी आपल्याला दोरीवरच्या उड्या मारू दिल्या नाहीत. कार्डिफचं पाणी प्यायलं की चॅपल विसरतं वाटतं माणूस."

"तू बोलूच नकोस दादा. छपरांच्या माना मुरगाळणारा तू."

"मी माना मुरगाळल्या त्या पैसे घेऊन. तू फुकट मुरगाळलीस."

केनवेनला काही ऐकू येत नव्हतं. चालू टीव्ही, रिकामी खोली. देशाच्या एका टोकाला कोट घातलेली माणसं ज्याला हसत होती ते तिचं घर होतं. आणि मांजर तिचं होतं. तिच्या न दाबलेल्या बोटाखाली तिच्या पोरीची मान आली होती. फडक्यामागे, पुढच्या खोलीत, तो डबा आत्ता गप्प होता, पण ती साऱ्या अंगाने त्याच्यासमोर बसली होती. एवढीशी वस्तू. चॅपलमध्ये आयुष्यभर ऐकलं होतं की डोक्यावरचे केससुद्धा देवाने मोजलेले आहेत. तेव्हा ते गोड वाटायचं. आज पहिल्यांदा नको वाटलं.

बरं, सांगायचं तरी कसं? वचन दिलेलं. आणि सांगितलं तर हानासमोर कबूल करायचं, की रविवारी या घरात टीव्ही चालू असतो.

हाना आतापर्यंत हॅमची चरबी बारकाईने कापून कडेला लावत होती. आता तिने सुरुवात केली ती सरळ बायबलातल्या दावीद राजापासून. दावीदाने माणसं मोजली आणि देशावर मरी आली. शिरगणती हे पाप आहे, माणूस देवाने मोजावा. लंडनच्या लोकांनी इथल्या बाया मोजायच्या म्हणजे काय? बंद होतेय तर होऊ दे. रविवारी टीव्ही लावणाऱ्याला शून्यच मिळायचं.

"आत्या, तू कधी बघितलीस तरी का ती?" मेरेरिद म्हणाली. "एकदा तरी? अ‍ॅनेस्ट कोण, गुइलिम कोण, माहीत आहे तुला? अ‍ॅनेस्ट गुइलिमला सोडून बँकवाल्याबरोबर निघून जाणार आहे, त्या प्रसंगासाठी मी दोन वर्षं थांबलेय."

"त्या लंगड्याबरोबर?" हाना म्हणाली. "अक्कल गहाण ठेवलीय का पोरीने."

इडवालने मान वर केली.

"तो लंगडा नाहीये, आत्या," मेरेरिद हळूच म्हणाली.

"नाही कसा. जिना चढतो तेव्हा डावं पाऊल घासतं त्याचं. फाटकातून येतो तेव्हा तर वाळूवर स्पष्ट..." हाना थांबली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग गळ्यापर्यंत सगळी लाल झाली ती, चॅपलमध्ये चुकीचा सूर लागल्यावर व्हायची तशी.

मेरेरिदने दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्या नटाचा गुडघा उन्हाळ्यात मोडलाय, ती म्हणाली. आम्ही लपवलंय. त्याला कायम बसलेला दाखवतो, नाही तर छातीपासून वर. चित्र बघणाऱ्याला ते कळणं शक्यच नाही. पेपरवाल्यांना कळलं नाही, वरच्या साहेबांना कळलं नाही.

"जो बघत नाही, नुसता ऐकतो, त्यालाच कळेल," इडवाल म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

हाना उठली आणि तिने भांडी आवरायला घेतली. जेवण संपलं नव्हतं तरी. केनवेनने कोळशाची बादली उचलली. मेरेरिद मागोमाग आली, आई मी घेते म्हणत.

कोळशाची कोठी मागच्या चढावर, त्यामुळे तिथून खालच्या घरांच्या तीन ओळींच्या मागल्या खिडक्या दिसायच्या. नोव्हेंबरचा अंधार, खाणीच्या ढिगाऱ्यांचा काळा कडा आणि त्याखाली घरं. साडेसात होत आले होते. केनवेन जन्मभर या कोठीशी येत होती, पण रविवारी या वेळेला कधीच नाही. या वेळेला ती आत पाठ करून बसलेली असायची.

आधी मेरेरिद थांबली. मग केनवेनने बघितलं.

प्रत्येक स्वयंपाकघरात पिवळा दिवा. प्रत्येक दिव्याखाली एक बाई, नाही तर एक म्हातारा, कुणी विणतंय, कुणी नुसतं हात मांडीवर घेऊन. आणि प्रत्येकाच्या पाठीमागे उघडं दार, दारात निळा उजेड, हलणारा, रिकाम्या खोलीतून येणारा. मिसेस प्रिदेर्ख बसली होती. तिच्या शेजारी टपालवाल्याची आई. खालच्या ओळीतला तो म्हातारा, ज्याने चॅपलमध्ये टीव्हीविरुद्ध ठराव आणला होता, तो तर खुर्ची दारालाच टेकवून बसला होता, डोकं मागे, डोळे मिटलेले. ओळीनंतर ओळ. सगळ्यांच्या पाठी एकाच दिशेला. एकाच क्षणी सगळ्या दारांतला निळा उजेड एकदम फिकट झाला, मग गडद, आणि सूर लागला. 'जुनं फाटक'चा सूर, भिंतींतून, काचांतून, अख्ख्या डोंगराच्या पोटातून वर आल्यासारखा.

मेरेरिद उभी होती, एका हाताने आईची बाही धरून, लहानपणी पुराचं पाणी बघताना धरायची तशी. आपण एकटीच लबाड आहोत असं केनवेन धरून चालली होती. एवढं मोठं काहीतरी आपल्या दारामागे दर रविवारी बसत होतं, आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. चॅपलमध्ये तिने कधी एवढी माणसं एका वेळी एवढी शांत पाहिली नव्हती. हे शून्य होतं. याला ते शून्य म्हणत होते.

"मांजरं," मेरेरिद पुटपुटली, आणि रडायला लागली.

केनवेन आत आली तेव्हा इडवाल पुढच्या खोलीच्या दारात उभा होता. टीव्ही त्याने लावला होता, फडक्याखालूनच. फडक्याच्या भोकांतून लाल ठिपका लुकलुकत होता. तो आईच्या कानाशी वाकला.

"गेल्या इस्टरला तुझा टीव्ही दुरुस्त करायला आलो होतो मी," तो म्हणाला. "त्या डब्यावर तू पितळी घोडा ठेवला होतास. अँटेनावाल्यापासून डबा लपवतेस होय गं? मी कुणाला बोललो नाही. मेरेरिदलाही नाही. पण आता तो डबा विचारतोय तुला. काय सांगायचं ते तू सांग."

एवढं बोलून तो बाजूला झाला. ज्याच्याशी बाप मरेपर्यंत बोलला नव्हता, तो आईचं गुपित इस्टरपासून पोटात घेऊन फिरत होता. केनवेनने त्याच्या गालाला एकदा हात लावला.

मग ती उंबऱ्याशी अडली. स्वयंपाकघरातून हात लांब करून बटण दाबता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. पण तशी साक्ष खोटी झाली असती, आणि ती हजारोंची साक्ष होती. द्यायची तर आत बसून, डोळे उघडे ठेवून द्यायची. रविवारी. तेग्विनच्या खुर्चीसमोर. तिने मागे वळून मेरेरिदला सांगितलं, तू कोठीवरच थांब, आत येऊ नकोस, टीव्हीच्या धंद्यातलं माणूस या खोलीत नको.

मेरेरिदने लाल ठिपका ओळखला. "आई, तू माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी मुळीच नाही. तुझ्यासाठी केलं तर ती लाच होईल." केनवेनने एप्रनला हात पुसले. "मला त्या माणसाचा पाय बघायचाय."

ती आत गेली. फडकं दोन टोकांना धरून उचललं, चार घड्या घातल्या आणि खुर्चीच्या हातावर ठेवलं. उजेड तोंडावर आला. विणकामाच्या पिशवीतून यंत्र काढलं, खुर्चीत नीट टेकून बसली, पदर सारखा करावा तशी शाल सारखी केली, आणि एक नंबर दाबला.

लाल दिवा थांबला. काही झालं नाही. छप्पर कोसळलं नाही, तेग्विन उठून आला नाही. फक्त कुठेतरी, खूप लांब, एका बाईला मोजलं गेलं आणि तिच्यामागे डोंगरातल्या त्या सगळ्या पाठी एकेक करून वळल्या, असं तिला वाटलं.

मागे लाकूड घासलं. हाना स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आत आणत होती. टीव्हीकडे पाठ करून तिने ती मांडली आणि भिंतीकडे तोंड करून ताठ बसली, ऑर्गन वाजवायला बसते तशी.

"मी बघत नाहीये," ती म्हणाली.

"नाही, वन्सं."

"ऐकतेय. ऐकायला बंदी नाही."

"नाही. पण तुम्ही खोलीत आहात. खोलीत बसलं की मोजावं लागतं. पाहुण्याचं बटण आहे." केनवेन अडखळली. "वय विचारतं ते."

हानाचं वय हा या घराण्यातला सगळ्यात जुना पडदा होता. पाद्र्याला माहीत नव्हतं, डॉक्टरला तिने खोटं सांगितलं होतं, तेग्विनने विचारल्यावर त्याच्या थोबाडीत बसली होती. पडद्यावर बँकवाला टेबलाशी बसला होता, छातीपासून वर, गुळगुळीत. त्याला काही झालंय असं सात जन्मात कुणाला वाटलं नसतं. मग चित्र अ‍ॅनेस्टच्या चेहऱ्यावर गेलं, आणि तिच्यामागे, न दिसणाऱ्या फरशीवर, एक पाऊल पडलं आणि एक घासलं.

हानाने भिंतीकडे बघतच मान हलवली, बघ, सांगितलं नव्हतं, अशी.

"एकोणऐंशी," ती म्हणाली. "लाव. देवाला माहीतच आहे. आता लंडनलाही कळू दे."

केनवेनने बटण दाबलं.